कासमचाचांची मोडलेली पाती

कासमचाचा पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये आले तेव्हा आमचा वॉचमन खुर्ची सोडून पळाला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पांढरी दाढी, ताठ मान, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात साडेसहा इंचांचं उघडं पातं घेऊन एक म्हातारा गेटातून आत येतो आणि खणखणीत आवाजात विचारतो, "साहेब कुठं हाय?" अशा वेळी शहाण्या माणसाने दुसरं काय करावं? आमचे साहेब तर पातं बघून जे बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मग उरले मी.

आमची लॅब कळंबोलीच्या लोखंड बाजारात होती. व्यापारी पोलादाचे तुकडे पाठवायचे आणि आम्ही ते खेचून, वाकवून, दाबून तपासायचो. कडकपणा मोजायचं मशीन माझ्याकडे असायचं. हिऱ्याचं बारीक टोक पोलादावर दाबायचं आणि ते किती आत गेलं त्यावरून आकडा यायचा. आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक.

"बेटा, हिचा आकडा काढून दे. अठ्ठावन्न येनार," पातं माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले. पात्याला ते मुलीसारखं ‘ही’ म्हणायचे.

मी म्हटलं, "आणताना निदान वर्तमानपत्रात तरी गुंडाळायचं."

"झाकून आनतो तो गुंड. उघडं आनतो तो कारागीर."

मी टोक दाबलं. अठ्ठावन्न आला. मी दुसऱ्या जागी दाबलं, तिथेही अठ्ठावन्नच. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू परीक्षा माझी होती आणि मी बरी सुटले. तेव्हापासून दर दोन-चार आठवड्यांनी ते यायचे, आधी आकडा सांगायचे आणि मग मशीन लावायचं. पैज एका प्लेट कांदाभजीची. सहा वर्षांत ती प्लेट मला एकदाही खायला मिळाली नाही. म्हणजे मिळायची, पण माझ्याच खर्चाने.

चाचा जुन्या पनवेलचे, तळ्यापलीकडच्या मोहल्ल्यातले. पलटणीत तेवीस वर्षं त्यांनी आर्मोररचं काम केलेलं, म्हणजे रायफली दुरुस्त करायच्या, संगिनी नीट ठेवायच्या. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते दोन वर्षं गल्फमध्ये एका वर्कशॉपात जाऊन आले. "पोलाद चांगला होता, चाय खराब होती" एवढंच ते त्या दोन वर्षांविषयी सांगत. परत आल्यावर त्यांनी परसात पत्र्याची शेड उभी केली आणि आयुष्यभर एकच वस्तू बनवायची ठरवली. फौजी पद्धतीचा, न मिटणारा, एकसंध चाकू. मिटणाऱ्या चाकूंचं त्यांना वावडं होतं. "मिटनारा चाकू म्हंजे कमरेत वाकलेला मानूस. सलाम करायला बरा, वजन उचलायला नाय."

त्यांचं पोलाद ट्रकचं. कळंबोलीच्या गॅरेजांतून ते ट्रकचे जुने पाटे आणायचे, चाकांवर बसवलेले ते कमानीसारखे स्प्रिंगचे पाटे. तेही कुठलेही चालत नसत. गॅरेजच्या मिस्त्रीला ते मुलीच्या बापासारखे प्रश्न विचारायचे. गाडी काय वाहायची, कुठल्या घाटातून जायची, कधी उलटली होती का? उलटलेल्या गाडीचा पाटा ते हातात घेत नसत, कारण त्यात न दिसणारी चीर असू शकते. स्टेनलेसचं नाव काढलं की म्हणायचे, "ते घरातल्या वाटी-चमच्याला. गंज चढतो म्हंजे जिवंत हाय. रोज तेलाचा हात फिरवायला काय हात झिजतात का?"

मुठीची गोष्ट और होती. लाकडाची मूठ आपल्याकडच्या पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. म्हणून चाचांनी आपल्या जुन्या वर्दीच्या पट्ट्या कापल्या, करंजा बंदरावर फायबरच्या होड्या बनवणाऱ्यांकडून रेझिन आणलं, आणि पट्टीवर पट्टी ठेवून, रेझिनमध्ये भिजवून, शिकंज्यात दोन दिवस दाबून ठेवली. वाळल्यावर त्याची दगडासारखी कडक लादी झाली. ती घासली की हिरवे-तपकिरी थर लाकडाच्या रेषांसारखे उमटायचे, आणि ओल्या हातातही मूठ निसटत नसे. "वर्दी ट्रंकेत ठेवली तर कसर खाते," ते म्हणायचे. "कुनाच्या मुठीत गेली तर ड्यूटी करते."

म्यान मात्र प्लॅस्टिकच्या पाइपाचं. चामडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं. पाइप चिरून, तापवून, चाकूभोवती दाबला की म्यान तयार. एकदा पाइप संपला आणि चाचांनी मोरीचा पाइप तीन फूट कापून घेतला. त्या दिवशी चाचीने भांडी घासली आणि सगळं पाणी तिच्या पायावर आलं. चाची त्यांना हवालदार म्हणायची, लाडातही आणि रागातही. "हवालदार, उद्या माझं नळीचं हाड कापून नेशील!" तिचा तसाही या चाकूंवर विश्वास नव्हता. चाचांनी तिला एक खास बनवून दिला होता, तो फडताळात पडलेला. ती कांदा मोरळीवरच, म्हणजे विळीवरच, चिरायची. "तुमचा न मिटनारा चाकू तो हाच," ती मला मोरळीच्या पाटावर पाय ठेवून सांगायची. "मी चाळीस वर्सं चालवतेय. ना वर्दी लागली ना भट्टी."

खारघरच्या कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक डोंगर चढायचे. ते एकदा आपला चाकू दाखवायला आले. काळंभोर पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आणि मूठ उघडली तर आत काड्यापेटी आणि मासे पकडायचा गळ. चाचांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि मग विचारलं, "आत पातं किती शिरलंय?" प्राध्यापकांना ठाऊक नव्हतं. चाचांनी अंगणातला एक नारळ आणून दिला. दुसऱ्याच घावाला मूठ प्राध्यापकांच्या हातात राहिली आणि पातं नारळात. मुठीच्या आत एक इंचाचं शेपूट आणि एक बोल्ट, बस्स. "मानसाचा कना मानेत संपतो का?" चाचांनी विचारलं. "पोलाद टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एक पायजे." नारळ मात्र चाचीने वाया जाऊ दिला नाही, प्राध्यापकांना त्याच नारळाची वडी खाऊन जावं लागलं. जाताना ते एका चाकूची ऑर्डर देऊन गेले.

पण चाचांचं खरं वेगळेपण होतं ते मोडण्यात. एका वेळी ते पाच पाती करायचे, आणि त्यातलं सगळ्यात देखणं निघेल ते मोडायचे. वाईट नव्हे, देखणं. वाईट मोडलं तर काय कळणार, असा त्यांचा सवाल असे. शुक्रवारी नमाजानंतर हा कार्यक्रम व्हायचा. अर्धा मोहल्ला जमायचा, चाची चहा आणि खारी बिस्किटं आणायची. चाचा पातं शिकंज्यात आवळायचे, वर लांब नळी चढवायचे आणि वाकवायला लागायचे. चांगलं पातं पुष्कळ वाकायचं आणि मगच तुटायचं. मग चाचा तुटलेली बाजू सगळ्यांना फिरवून दाखवायचे. आतला दाणा रव्यासारखा दिसला तर उरलेली चारही नापास. मैद्यासारखा मऊ राखाडी दिसला तर पास. "बाहेरून काय, सगळेच चकचकीत असतात," ते म्हणायचे. "आतून बघायचं तर मोडावंच लागतं." एवढी मेहनत करून आपल्याच हाताने मोडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मोडल्यावर एवढा खूश होणारा तर नाहीच.

मग एका वर्षी त्यांनी मोडणं बंद केलं. कारण विचाराल तर गर्व, दुसरं काही नाही. सगळे वाहवा करत होते, एकही पातं कधी परत आलं नव्हतं. "आता हात झोपेतपन चुकत नाय," असं ते मला म्हणाले. त्याच वर्षी गुडघा दुखायला लागल्यामुळे त्यांचं लॅबमध्ये येणंही थांबलं. भजीचे पैसे वाचायला लागले म्हणून मीही काही विचारपूस केली नाही. तेव्हा करायला हवी होती, हे आता कळतं.

आठ-नऊ महिन्यांनी ते आले. पातं ठेवलं आणि म्हणाले, "सत्तावन्न."

मशीन म्हणालं, बासष्ट.

चाचा हसले. "तुझं मशीन म्हातारं झालं, बेटा."

मी मशीन तपासायचा प्रमाण ठोकळा लावला. मशीन ठीक होतं. पुन्हा पातं लावलं, तरी बासष्टच. आकडा मोठा म्हणजे चांगलं, असं परक्याला वाटेल. पण पोलाद लाल करून तेलात बुडवलं, म्हणजे त्याला पाणी चढवलं, की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवून थोडं नरम करावं लागतं. घासलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात, आधी सुकल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. गवती रंग पिकला की नेमकं काढायचं. चाचा हे सारं डोळ्यांनी करायचे, आणि या वेळी त्यांनी पातं फार लवकर काढलं होतं.

त्या दिवशी भजी कुणीच मागवली नाहीत. मी स्कूटीवरून त्यांना घरी सोडायला गेले. त्यांनी शिकंज्यात पातं आवळलं, नळी चढवली आणि जरासा जोर दिला. टक्क असा आवाज झाला. पातं वाकलंच नाही, बिस्किटासारखं तुटलं.

चाची दारात उभी होती. "वर्सभर माझ्या निळ्या दुपट्ट्याला हिरवा म्हनतोय," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारा मस्करी करतो."

मोतीबिंदू! पिकत चाललेल्या भिंगातून सगळं जग पिवळसर दिसत होतं. पोलादावर गवती रंग चढायच्या आधीच चाचांना तो दिसत होता. भट्टीपाशी ते खाली बसले. "सात चाकू दिलेत या वर्सात," ते हळूच म्हणाले. "सात मानसांच्या हातात."

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघाली. मी रजा टाकली. स्कूटीवर पुढे मी, मागे चाचा, मांडीवर रिकामी पिशवी. चाचीच्या भावाचा चाकू पहिला आला आणि गॅरेजच्या मिस्त्रीचा दुसरा. चिरनेरला दोघा भावांनी दोन घेतले होते. त्यांनी परत देण्याआधी आम्हाला जेवायला बसवलं आणि चाकू सुकटीच्या कालवणानंतरच मिळाले. खारघरच्या प्राध्यापकांनी तर चाकू काचेच्या चौकटीत घालून सोफ्याच्या वर टांगला होता. चाचांच्या चेहऱ्यावर एवढा अपमान मी कधी पाहिला नव्हता. "हिच्यापासून कुनाला धोका नाय," ते म्हणाले. "ही तर दफन झालेली हाय." तरी चौकट उघडायला लावलीच.

सहावा चाकू विचुंब्याला हिराबाईकडे होता. हिराबाई म्हणजे चाचांना गेली कित्येक वर्षं भाजी देणारी शेतकरीण, तोंडाने फटकळ. ती फणस फोडत होती, चाचांच्याच चाकूने.

"माजी सुरी मी देनार नाय," ती म्हणाली. "चांगली चालतेय."

"हिराबाय, पातं कच्चं रायलंय. कधीपन तुटंल. तुकडा डोळ्यात जाईल."

हिराबाईचा हात थांबला. तिने चाकू खाली ठेवला. मग तिने जे विचारलं ते विचारलं जाणार हे आम्हा दोघांना वाटेतच ठाऊक होतं.

"आनि माज्या संदेशचा?"

सातवा चाकू संदेशकडे होता. हिराबाईचा एकुलता एक. ट्रेनिंग संपवून पलटणीत निघाला तेव्हा चाचांनी त्याला स्वतः बांधून दिला होता, आणि आता तो बर्फात ड्यूटीवर होता. थंडीत कच्चं पोलाद आणखी ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं आणि चाचांनाही. आम्ही ते बोललो नाही. पण हिराबाईने आमची तोंडं वाचली.

संदेशचा फोन रविवारी यायचा. त्या रविवारी आम्ही तिघं हिराबाईच्या ओटीवर तिचा मोबाइल मध्ये ठेवून बसलो. दुपारी तो वाजला. ख्यालीखुशाली झाली आणि हिराबाईने फोन चाचांकडे दिला.

"चाचा! चाकू एकदम झकास हाय!" पलीकडून आवाज आला. "परवा गाडीच्या चाकाखालचा बर्फ त्यानंच फोडला!"

चाचांनी डोळे मिटले. मग उभे राहिले, ताठ, आणि फोनमध्ये ओरडले, "संदेश, ऐक. आजपासून त्या चाकूला हात लावायचा नाय. ट्रंकेत टाक. हा हुकूम हाय."

"का, चाचा?"

"माझी गलती झालीय, म्हनून. पातं माझ्या हातनं कच्चं रायलं."

शेजारपाजारचे ऐकत होते. सगळ्या गावासमोर, एवढ्या मोठ्याने, आपली चूक कबूल करणारा माणूस पाहून मला माझ्याच रडण्याची लाज वाटली नाही. लाइन तुटायच्या आधी संदेश एवढंच म्हणाला, "जी, उस्ताद."

आता राहिला डोळा. आयुष्यभर पात्यांशी खेळलेला हा माणूस ऑपरेशनला लहान मुलासारखा घाबरला. "डोळ्यात पातं घालनार? कुठल्या पोलादाचं?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर बाई हौशी निघाल्या. त्यांनी पाकीट दाखवलं आणि हे पातं एकदाच वापरून फेकतात असंही सांगितलं. "तोबा! एकाच डोळ्यानंतर फेकून देता?" चाचा भीती विसरून भांडायला लागले. ते वापरलेलं पातं घरी न्यायला मिळावं असा त्यांचा हट्ट होता. तो पुरवला गेला नाही, पण त्या भांडणात ते टेबलावर कधी जाऊन पडले ते त्यांनाही कळलं नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी मी तिथे होते. चाचांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग चाचीकडे. बराच वेळ पाहिलं.

"अगो, हा तर निळा हाय," ते म्हणाले. "एवढा निळा?"

"मंग वर्सभर काय सांगतेय!" चाची म्हणाली आणि तोच दुपट्टा डोळ्यांना लावला. मला इतका आनंद झाला की खाली जाऊन मीच भजी घेऊन आले.

परत आलेली सहा पाती चाचांनी पुन्हा तापवली. मुठी काढाव्याच लागल्या, रेझिन त्या तापाला टिकत नाही. आणि वर्दीचं कापड तर संपलेलं. मग त्यांनी ठरवलं, ज्याचा चाकू त्याचा कपडा. प्राध्यापकांची जुनी जीन्स आली, मिस्त्रीची काळीकुट्ट पँट आली, हिराबाईने आपलं हिरवं लुगडं दिलं. चाचांनी हिराबाईची मूठ सगळ्यांत निगुतीने घासली, पण ती देताना त्यांची मान वर होत नव्हती. सातवा अजून बाकी होता.

संदेश तीन महिन्यांनी रजेवर आला. पाठीवरची बॅगही न उतरवता, आईच्या आधी, चाकू घेऊन तो चाचांकडे गेला. दहा बोटं शाबूत होती. चाचांनी चाकूआधी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. संदेशने सोबत आपली फाटकी वर्दी आणली होती. चाचांनी त्याच्या पट्ट्या कापल्या आणि मग ट्रंकेच्या तळातून एक चिंधी काढली. त्यांच्या स्वतःच्या वर्दीच्या छातीवरच्या खिशाची झाकणपट्टी, एवढी एकच त्यांनी कुणाच्या मुठीत घातली नव्हती. ती त्यांनी बरोब्बर मध्ये ठेवली.

मूठ बसवायच्या आधी, त्या पात्याच्या जोडीला चाचांनी एक नवं पातं केलं. संदेशचं पातं ट्रकच्या ज्या पाट्यातून निघालं त्यातूनच ते कापलेलं होतं, त्याच्याच शेजारी ठेवून त्याच आगीत नरम केलेलं. दोन्ही घेऊन ते लॅबमध्ये आले. "अठ्ठावन्न," ते म्हणाले, पण या वेळी आवाज खणखणीत नव्हता. दोन्हींचा आकडा अठ्ठावन्न आला. भजी माझ्याकडून गेली आणि इतक्या आनंदाने मी कधीच हरले नव्हते.

शुक्रवारी मोडायचा कार्यक्रम पुन्हा झाला. हिराबाई पहिल्यांदाच आली होती, तोंडावर पदर धरून. चाचांनी जोडीचं पातं शिकंज्यात आवळलं आणि नळीला लटकले. पातं वाकलं, आणखी वाकलं, तुटेना. चाचा घामाघूम झाले. शेवटी हिराबाईने पदर खोचला, "सरका वाईच," म्हणाली आणि नळीला हात घातला. दोघांनी मिळून जोर केला तेव्हा कुठे ते तुटलं. रवा की मैदा ते चाचांनी सगळ्यांना फिरवून दाखवलं आणि मोहल्ल्याने टाळ्या वाजवल्या.

मला पुढच्याच महिन्यात नाशिकला नोकरी लागली, आणि चाचा दोन वर्षांनी गेल्याचं चाचीने फोनवर कळवलं. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पनवेलच्या एसटी स्टँडवर, संदेशला निरोप देताना. तो पाया पडायला वाकला तर चाचांनी त्याला मध्येच थांबवून सरळ उभं केलं. चाकू बॅगेच्या तळाशी नीट बांधलेला होता. गाडी सुटली. हिराबाई तिच्या मागे चार पावलं चालत गेली आणि उभी राहिली.

चाचा तिच्यापाशी गेले. खिशातून त्यांनी तुटक्या पात्याचा तुकडा काढला, कडा घासून बोथट केलेल्या, फक्त मोडलेली बाजू तशीच ठेवलेली.

"पोराकडं हाय ती हिची सख्खी बहीन," ते म्हणाले. "ती आतून कशी हाय, ते तू हिच्यात बघ. कधी काळजी वाटली तर बघ."

हिराबाईने तुकडा उन्हात धरला. मोडलेल्या बाजूवरून बोट फिरवलं, हळूच, दोनदा.

"मैदा हाय," ती म्हणाली आणि तुकडा पदराच्या गाठीत बांधला.